कंसातले नाव

गावात एखादी म्हैस आजारी पडते. अंगात ताप असतो, चारा सुटतो, दूध आटते. जवळचे डॉक्टर येतात, तपासतात, इंजेक्शन देऊन जातात. दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा ताप चढतो. मालकाचा धीर सुटतो. तो तालुक्याच्या गावी जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन येतो. नवे डॉक्टर गोठ्यात शिरतात तोच मालक विचारतो, "डॉक्टरसाहेब, आधीच्या डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं का हो?"

या प्रश्नाची दोन उत्तरे सोपी आहेत. 'हो, चुकलंच त्यांचं' हे पहिले. त्याने नव्या डॉक्टरांचे वजन आपोआप वाढते. 'छे, त्यांनी केलं ते सगळं बरोबरच आहे' हे दुसरे. त्याने व्यवसायबंधूची अब्रू राखली जाते. दोन्ही उत्तरांत म्हशीच्या रक्तात काय चालले आहे याचा विचार नाही. तिसरे उत्तर थोडे कष्टाचे आहे. आधीच्या डॉक्टरांना गाठायचे, त्यांनी कोणत्या दिवशी काय पाहिले आणि काय दिले ते विचारायचे, आपण स्वतः तपासायचे, आणि मतभेद असल्यास ते आधी त्यांच्यापाशी बोलायचे. व्यावसायिक सौजन्य म्हणतात ते हे.

सौजन्य म्हटले की आपल्याला शिष्टाचार आठवतो. नमस्कार करावा, उणेदुणे काढू नये, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. पण ज्या व्यवसायांचा पाया विज्ञानात आहे, त्यांत सौजन्य हा केवळ शिष्टाचार नसतो, तर तो सत्य शोधण्याच्या पद्धतीचाच एक भाग असतो, असे आम्हांला वाटते. हे म्हणणे पटवून देण्यासाठी पशुवैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण येथे मांडत आहोत. त्याची सुरुवात सिंधूकाठी होते, एक धागा मुंबईच्या परळमध्ये येतो आणि दुसरा विदर्भात.

डेरा इस्माईल खान, १८८०

ग्रिफिथ इव्हान्स हे वेल्समध्ये १८३५ साली जन्मलेले लष्करी पशुवैद्य. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे तोफखान्याबरोबर कॅनडात असताना त्यांनी मॅकगिल विद्यापीठातून १८६४ साली वैद्यकाचीही पदवी घेतली. माणसांचे आणि जनावरांचे असे दोन्ही वैद्यक शिकलेला माणूस त्या काळात विरळाच होता. शिवाय त्यांना सूक्ष्मदर्शकाचा छंद होता. अशा तयारीने ते भारतात आले.

१८८० साली त्यांना सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान येथे पाठवण्यात आले. हे गाव आज पाकिस्तानात आहे. तेथील घोडे आणि उंट एका रोगाने मरत होते. लोक या रोगाला 'सर्रा' म्हणत. जनावराला अधूनमधून ताप येई, पोटाखाली आणि पायांवर सूज येई, खाणे चालू असूनही ते खंगत जाई, आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत मरे. नावाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. कोणी ते 'सडणे' या क्रियापदाशी जोडतात, तर काही इंग्रजी शब्दकोश नाकातून जोराने जाणाऱ्या श्वासाच्या आवाजाशी जोडून त्याचे मूळ चक्क मराठीत दाखवतात.

इव्हान्स यांनी आजारी घोड्यांचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तांबड्या रक्तपेशींच्या गर्दीत एक बारीक, लांबट जीव सापासारखा वळवळत, पेशींना ढुशा देत फिरताना त्यांना दिसला. एका जनावरात दिसला, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. एवढ्यावर ते थांबले नाहीत. आजारी जनावराचे रक्त त्यांनी निरोगी घोड्यात आणि कुत्र्यात टोचले. त्यांनाही रोग झाला आणि त्यांच्याही रक्तात तोच जीव दिसला. जनावरे पाळणारे लोक या रोगाचा संबंध मोठ्या चावऱ्या माश्यांशी लावत. साहेबाने ही समजूत हसण्यावारी नेली नाही. माश्यांचा संशय त्यांनी आपल्या लिखाणात मांडला.

आज आपल्याला हे सारे सरळ वाटते. पण काळ लक्षात घ्यायला हवा. काळपुळीचा जंतू रोग कसा घडवतो हे रॉबर्ट कॉख यांनी दाखवल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती. क्षयाचा जंतू सापडायला अजून दोन वर्षे होती. हिवतापाचा परजीवी लाव्हराँ यांना अल्जीरियात दिसला तो त्याच १८८० सालच्या नोव्हेंबरात, आणि त्यांच्यावरही पुष्कळांचा विश्वास बसला नाही. रक्तात जीव सापडला, तर तो रोगाचे कारण नसून परिणाम असावा, असे मानणारे जाणकार बरेच होते.

भारतातील या विषयातले अधिकारी पुरुष म्हणजे कलकत्त्याचे टिमथी लुइस आणि डेव्हिड कनिंगहॅम. लुइस यांना १८७८ मध्ये उंदरांच्या रक्तात याच घाटाचे जीव सापडले होते, आणि ते उंदीर अगदी धडधाकट होते. मग घोड्यांतल्या तशाच जिवाला खुनी कसे म्हणायचे? इव्हान्स यांचे अनुमान वरिष्ठांनी मानले नाही.

येथे आपण न्याय नीट करायला हवा. लुइस यांची शंका रास्त होती. शंका घेणे म्हणजे असौजन्य नव्हे. आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे तपासण्याइतके महत्त्वाचे मानणे, हा त्याचा मानच आहे. बिघडले ते पुढे. टोचणीचे प्रयोग कागदावर होते. ते पुन्हा करून पाहणे शक्य होते. पण त्या वेळी अधिकाऱ्यांच्या मताने प्रयोगाची जागा घेतली आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला. गंमत अशी, की दोघांचेही निरीक्षण बरोबर होते. उंदरांतला जीव उंदराला सहसा अपाय करत नाही, घोड्यांतला घोड्याला मारतो. ते एका घराण्यातले, पण निरनिराळे प्राणी आहेत. आज उंदरांतल्या जिवाच्या नावात लुइस आहेत, तर घोड्यांतल्या जिवाच्या नावात इव्हान्स. इव्हान्स यांचे नाव तेथे कसे आले, तोच आपल्या कथेचा गाभा आहे.

खेचरांचा ताप

पाच वर्षांनी, १८८५ साली, ब्रिटिशांच्या ताब्यातील ब्रह्मदेशात वाहतुकीची खेचरे एका अनाकलनीय रोगाने मरू लागली. चौकशीसाठी जॉन हेन्री स्टील या तरुण लष्करी पशुवैद्याला पाठवण्यात आले. स्टील यांचे वय तेव्हा तिशीच्या घरात होते. त्यांनी खेचरांचे रक्त तपासले आणि त्यांनाही तोच वळवळणारा जीव दिसला.

स्टील यांना कोणते मार्ग मोकळे होते, याचा विचार करा. इव्हान्स यांचे म्हणणे वरिष्ठांना मान्य नव्हते. त्यांचा उल्लेख टाळून 'मला एक नवा जीव सापडला' असे लिहिणे अवघड नव्हते. वरिष्ठांच्या री ओढून 'हा जीव निरुपद्रवी आहे' असे लिहिणे तर बढतीच्या दृष्टीने सोयीचेच झाले असते. स्टील यांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी जिवाचे वर्णन केले, त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि त्या नावात पहिल्या शोधकाला बसवले : स्पायरोकीटा इव्हान्सी.

आणि तरीही ते इव्हान्स यांच्याशी पूर्ण सहमत नव्हते! खेचरांचा ताप चढे, उतरे आणि काही दिवसांनी पुन्हा चढे. ताप असताना रक्तात जीव भरपूर दिसत. ताप उतरला की जवळजवळ नाहीसे होत. माणसांतही असा उलटून येणारा ताप असतो आणि तो नागमोडी आकाराच्या जंतूंमुळे येतो, हे तेव्हा माहीत झाले होते. त्यावरून स्टील यांनी हा रोग त्याच जातीचा ठरवला आणि जिवाला स्पायरोकीटा या जंतूंच्या गटात घातले.

हे वर्गीकरण चुकीचे होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एडगर क्रुकशँक यांनी दाखवले, की या जिवाला चाबकाच्या दोरीसारखी कशाभिका आहे आणि कडेने लाटांप्रमाणे हलणारा पातळ पडदा आहे. म्हणजे तो जीवाणू नसून एकपेशीय आदिजीव आहे. १८८८ मध्ये फ्रान्समधील बाल्बियानी यांनी त्याला ट्रिपॅनोसोमा या प्रजातीत नेले. तेथे तो आजही आहे.

पण स्टील यांनी टिपलेला तापाचा चढउतार मात्र अगदी खरा होता. त्याचे कारण कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या परजीवीच्या अंगावर प्रथिनांचा दाट अंगरखा असतो. जनावराचे शरीर त्या अंगरख्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक परजीवी मारले जातात. पण त्यांतल्या काहींनी तोवर वेगळ्या प्रथिनाचा अंगरखा चढवलेला असतो. प्रतिपिंडे त्यांना ओळखत नाहीत. ते वाढतात, पुन्हा ताप येतो, शरीर पुन्हा नवी प्रतिपिंडे बनवते. असे अंगरखे बनवणारी शेकडो जनुके परजीवीपाशी असतात. या लपंडावात शेवटी जनावर थकते.

आता सुरुवातीच्या म्हशीकडे पुन्हा एकदा पाहा. समजा, तिला सर्राच झाला आहे. पहिल्या डॉक्टरांनी मंगळवारी रक्त पाहिले आणि त्यांना परजीवी दिसले. दुसऱ्या डॉक्टरांनी शनिवारी पाहिले तेव्हा एकही दिसला नाही. 'आधीच्यांना काही कळत नाही' असे त्यांनी मालकाला सांगितले, तर ते अनुदार तर झालेच, पण शास्त्रदृष्ट्या चूकही झाले. उलटही घडू शकते : पहिल्यांना काही दिसले नाही आणि दुसऱ्यांना दिसले. दोघांची निरीक्षणे तारीखवार शेजारी शेजारी मांडली, तरच रोगाचे खरे चित्र उमटते. सहकाऱ्याला विचारणे हा येथे निदानाचाच एक टप्पा ठरतो. तो गाळला तर किंमत मोजते ती म्हैस, आणि तिला आपली फिर्याद सांगता येत नाही.

कंसाचा अर्थ

या परजीवीचे पूर्ण नाव शास्त्रीय ग्रंथांत असे लिहितात : ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी (स्टील, १८८५) बाल्बियानी, १८८८.

शिक्षकांनी हे नाव वर्गात फळ्यावर लिहून पाहावे. प्राणिशास्त्रातील नामकरणाचा एक नियम आहे. एखाद्या जातीला प्रथम नाव देणाऱ्याचे आडनाव आणि साल त्या नावापुढे लिहितात. नंतर कोणी ती जात दुसऱ्या प्रजातीत हलवली, तर पहिल्या माणसाचे नाव पुसत नाहीत, ते कंसात घालतात. हलवणाऱ्याचे नाव कंसाबाहेर लिहिता येते. प्राण्यांच्या बाबतीत ते ऐच्छिक आहे. मांजराचे नाव फेलिस कॅटस लिनीअस, १७५८ असे कंसाविना लिहितात. वाघाचे मात्र पँथेरा टायग्रिस (लिनीअस, १७५८) असे लिहितात; कारण लिनीअस यांनी वाघालाही फेलिस या प्रजातीतच ठेवले होते, पुढे त्याला पँथेरात नेण्यात आले. कोणत्या नावापुढे कंस आहे आणि कोणत्या नाही, याचे कारण विद्यार्थ्यांना शोधायला लावले तर तास रंगेल.

आता सर्राच्या परजीवीचे नाव पुन्हा वाचा. एका ओळीत तीन माणसे आहेत. जातीच्या नावात पहिला शोधक, इव्हान्स. कंसात स्टील, ज्यांनी नाव दिले पण गट चुकवला. कंसाबाहेर बाल्बियानी, ज्यांनी चूक दुरुस्त केली. चूक दुरुस्त झाली, तरी ती करणाऱ्याचे श्रेय शाबूत राहिले. आणि श्रेय राखायचे म्हणून चूक तशीच ठेवली गेली नाही. ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारे एवढे छोटे चिन्ह भाषेत दुसरे क्वचितच असेल. हा कंस म्हणजे नियमात बांधलेले व्यावसायिक सौजन्यच होय.

परळ ते लंडन

स्टील यांच्या कामाचा आपल्याशी आणखी जवळचा संबंध आहे. ब्रह्मदेशातल्या चौकशीनंतर वर्षभरातच, २ ऑगस्ट १८८६ रोजी, परळ येथे मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. बैलाच्या, कुत्र्याच्या, मेंढीच्या, इतकेच काय हत्तीच्या आणि उंटाच्या रोगांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. भारतातल्या पशुवैद्यांना आपली निरीक्षणे एकमेकांना कळवता यावीत म्हणून त्यांनी फ्रेडरिक स्मिथ यांच्यासह मद्रासहून एक त्रैमासिकही चालवले. दूरदूरच्या छावण्यांत एकेकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरांना सहकारी मिळवून देण्याचाच तो प्रयत्न होता. १८९१ साली, वयाची चाळिशीही गाठायच्या आत, ते वारले.

काम पुढे चालू राहिले. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. पुढे ती हिमालयाच्या कुशीतील मुक्तेश्वरला गेली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्रावर विस्तृत संशोधन केले. तेथेच लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ साली घोड्यांना चावणाऱ्या गोमाश्या सर्रा पसरवतात हे प्रयोगाने दाखवले. सिंधूकाठच्या जनावरे पाळणाऱ्यांचा अंदाज आणि इव्हान्स यांचा संशय असा खरा ठरला. दरम्यान डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेत गुरांच्या 'नागाना' रोगात याच घराण्यातला परजीवी शोधला होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी माणसांतील निद्रारोगाचे मूळही याच घराण्यात सापडले. ज्या मालिकेतून हे सारे उलगडले, तिची पहिली कडी डेरा इस्माईल खानची होती.

इव्हान्स यांना दीर्घायुष्य लाभले. १९३५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षानंतर, त्यांचे निधन झाले. उतारवयात त्यांना मानसन्मान मिळाले. त्यांत ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सचे एक पदक होते. त्या पदकाचे नाव जॉन हेन्री स्टील स्मृतिपदक. ज्या तरुण सहकाऱ्याने, स्वतःचे मत वेगळे असूनही, इव्हान्स यांचे नाव शास्त्रात कोरून ठेवले, त्याच्याच नावाचे पदक वृद्ध इव्हान्स यांच्या हाती आले.

नियम आणि त्यांची मर्यादा

भारतात १९८४ च्या कायद्याने भारतीय पशुवैद्यक परिषद स्थापन झाली आणि पशुवैद्यांच्या आचारसंहितेचे नियम १९९२ मध्ये आले. अनेक देशांत असे नियम आहेत. त्यांचे सार बहुतेक सारखेच असते. दुसऱ्याच्या उपचाराखाली असलेले जनावर परस्पर हाती घेऊ नये. तातडीची वेळ असेल तर उपचार करून मग कळवावे. मालकापुढे व्यवसायबंधूची निंदा करू नये. सल्ल्याला बोलावले तर सल्ला देऊन बाजूला व्हावे.

हे नियम चांगले आहेत, पण त्यांना एक धोका चिकटलेला असतो. 'आपल्यातल्याविषयी बोलायचे नाही' एवढाच त्यांचा अर्थ घेतला, तर सौजन्याचे रूपांतर सोयीच्या मौनात होते. मग चुका झाकल्या जातात आणि मालकाचा साऱ्या व्यवसायावरचाच विश्वास उडतो. स्टील यांचे वागणे येथे कसोटीसारखे वापरता येते. त्यांनी श्रेय दिले आणि मतभेदही लेखी मांडला. मौनही पाळले नाही आणि निंदाही केली नाही. संशोधनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा मंडळींनाही ही कसोटी तितकीच लागू आहे. निबंधावर कोणाचे नाव घालायचे, कोणाचे गाळायचे, हे प्रश्न आमच्याकडेही रोज उभे राहतात, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्या कसोटीला उतरतोच असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

विदर्भातला शेतकरी

या कथेचा शेवटचा अध्याय महाराष्ट्रात घडला. सर्राचा परजीवी माणसाला होत नाही, असे शंभरहून अधिक वर्षे मानले जात होते. २००४ साली विदर्भातील एक शेतकरी अनेक महिने चढउतार करणाऱ्या तापाने आजारी होता. त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा सापडला. नागपूरचे डॉक्टर, पशुवैद्यकातील तज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित संशोधक एकत्र आले. परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीच असल्याची खात्री झाली, सुरामिन हे औषध देण्यात आले आणि रुग्ण बरा झाला. २००५ साली हे निदान प्रसिद्ध झाले. भारतात असा रुग्ण नोंदला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्या वर्षी कारणही कळले. माणसाच्या रक्तद्रवात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते, आणि त्या रुग्णाच्या शरीरात जनुकीय दोषामुळे ते तयारच होत नव्हते.

माणसांच्या डॉक्टरांनी जनावरांच्या डॉक्टरांना 'हे तुम्ही पाहता ना, जरा बघून सांगा' असे विचारण्यात कमीपणा मानला असता, तर हे निदान इतके पक्के झाले नसते. मनुष्यवैद्यक आणि पशुवैद्यक अशी दोन्ही शास्त्रे शिकलेल्या इव्हान्स यांना ही गोष्ट नक्कीच आवडली असती.

तेव्हा गोठ्यातल्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. "आधीच्या डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं का हो?" नव्या डॉक्टरांनी खिशातून कागद काढावा, तारीख घालावी आणि म्हणावे, "त्यांनी काय पाहिलं ते आधी त्यांनाच विचारू या. मीही आज रक्त पाहतो, आणि आज काही दिसलं नाही तर ताप चढल्यावर पुन्हा पाहू." मालकाला कदाचित हे उत्तर थोडे बेचव वाटेल. म्हशीला मात्र त्याचा उपयोग होईल.